पांढरीच्या मातीतला कृष्णराज

कापसाच्या पऱ्हाट्या उपटून झाल्या की आखाजीपर्यंत आमच्याकडची रानं मोकळी असतात. माझं डिटेक्टिंग, म्हणजे मेटल डिटेक्टर घेऊन जमिनीतली जुनी नाणी शोधणं, काय ते तेवढ्याच काळात होतं. यंदा काकांचं गिरणेकाठचं शेत धरलं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, त्याचं कारण पुढे येईलच.

आधी जमिनीबद्दल, कारण खान्देशात मशीन चालवणाऱ्या प्रत्येकाला तिच्याशी झगडावं लागतं. आपली काळी माती बेसॉल्ट झिजून झालेली, तिच्यात लोहखनिज भरपूर. एकदा ग्राउंड बॅलन्स केला, म्हणजे मशीन मातीतल्या लोहाशी जुळवून घेतलं, आणि दिवसभर चाललो, असं इथे होत नाही. बांधाजवळ एक, मधल्या उतारावर दुसरा, नाल्याकडे तिसरा, असा तो पुन्हा पुन्हा करावा लागतो. सेन्सिटिव्हिटी मी दोन घर खालीच ठेवतो. खोली थोडी कमी मिळते, पण मशीन उगाच किंचाळत नाही आणि बारीक आवाज कानाला कळतात. शेत नुकतंच भिजवून वाफशावर आलेलं असेल तर फारच उत्तम.

कचरा नेहमीचाच. बैलाच्या पत्र्या, वखराच्या पासेचे तुकडे, तारा, आणि सगळ्यात वैताग म्हणजे औषधांच्या पाकिटांची चंदेरी फॉइल. मशीन प्रत्येक धातूसाठी एक आकडा दाखवतं, आणि फॉइलचा आकडा आणि लहान, पातळ चांदीच्या नाण्याचा आकडा एकाच पट्ट्यात येतात. म्हणून या शेतात मी मधल्या पट्ट्यातला एकही सिग्नल सोडला नाही. वेळ खूप जातो, पण दुसरा मार्ग मला तरी माहीत नाही. त्यातून दोन झिजलेल्या शिवराया (मराठेशाहीतली तांब्याची नाणी), दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला भोकाचा पैसा आणि गुरांच्या गळ्यातलं एक पितळी घुंगरू एवढं हाती आलं होतं.

मग ईशान्येच्या कोपऱ्यात, बांधापासून दहाएक पावलांवर, एक छोटा पण स्वच्छ आवाज आला. मशीनची कॉइल, म्हणजे खालची तबकडी, आडवी फिरवली, मग उभी फिरवली, आकडा जागचा हलेना. फॉइल अशी वागत नाही, तिचा आकडा दिशेबरोबर नाचतो. वीतभर खाली एका ढेकळात पिनपॉइंटर, म्हणजे नेमकी जागा दाखवणारा हातातला छोटा डिटेक्टर, वाजायला लागला. ढेकूळ हातानेच फोडलं. नखाएवढी, करड्या-जांभळ्या रंगाची चकती बाहेर आली. चांदी जमिनीत शतकानुशतकं राहिली की क्लोराइडचा हा थर धरते, त्यामुळे धातू लगेच ओळखला. मातीची कड जरा सुटली तेव्हा एका बाजूला उजवीकडे पाहणारा चेहरा दिसला, मानेवर रुळणारे केस दिसले, आणि मी तिथेच खाली बसलो.

घरी आणून डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवलं, बाकी काही केलं नाही. लिंबू, चिंच, रांगोळी, टूथपेस्ट यांतलं काहीही जुन्या चांदीच्या जवळ नेऊ नये, हे नव्या मंडळींना कळकळीने सांगतो. अक्षरं त्या थरातच असतात. वजन भरलं २.०४ ग्रॅम, व्यास १४ मिलिमीटरच्या आत. मागच्या बाजूला बसलेला नंदी आणि भोवती ब्राह्मी अक्षरांचं कडं. चकती साच्यापेक्षा लहान असल्यामुळे निम्मी अक्षरं काठाबाहेर गेली आहेत. तिरप्या उजेडात भिंगाखाली ‘ष्ण’, ‘रा’, ‘ज’ अशी तीन अक्षरं सलग लागली. पलीकडे ‘पर’ आणि त्यानंतर ‘म’ची खूण. पूर्ण लेख असा असतो: ‘परममाहेश्वर मातापितृपादानुध्यात श्रीकृष्णराज’. हा कलचुरी घराण्यातला राजा कृष्णराज, सहाव्या शतकाच्या तिसऱ्या चतुर्थांशातला.

या नाण्याची वंशावळ मला फार आवडते. राजाच्या चेहऱ्याचा हा दोन ग्रॅमचा साचा पश्चिम क्षत्रपांनी आपल्या भागात रुजवला. तो गुप्तांनी उचलला, त्रैकूटकांनी उचलला (ही सगळी कृष्णराजाच्या आधीची राजघराणी), आणि शेवटी कृष्णराजाच्या टांकसाळीत आला. नंदी स्कंदगुप्ताच्या चांदीच्या नाण्यांवर आधीच बसलेला होता. सुरुवातीच्या अभ्यासकांनी ही नाणी राष्ट्रकूट कृष्णाची मानली होती. ती कलचुरींची आहेत हे पुढे पक्कं झालं.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे हे नाणं किती काळ चाललं. नाशिकजवळच्या अंजनेरीच्या ताम्रपटात, इ.स. ७१० च्या सुमाराला, भोगशक्ती या राजाच्या दानलेखात ‘कृष्णराज-रूपकां’चा, म्हणजे त्याच्या चांदीच्या नाण्यांचा, उल्लेख आहे. राजा जाऊन सव्वाशेहून अधिक वर्षं झाली, मधे चालुक्य मंगलेशाने त्याच्या नातवाचा, बुद्धराजाचा पराभव केला, तरी हिशेब त्याच्याच रुपयांत चालला होता. म्हणजे माझं नाणं सहाव्या शतकात पाडलेलं असलं तरी हरवलं कधी, सहाव्यात की आठव्यात, हे नुसत्या नाण्यावरून सांगता येत नाही. कृष्णराजाचा मुलगा शंकरगण, त्याचा ताम्रपट कळवण भागातल्या अभोण्याला मिळाला, इ.स. ५९७ च्या सुमाराचा. गिरणा त्याच भागातून खाली आमच्याकडे येते. नदीच्या काठाने माणसं, धान्य आणि नाणी खाली येत असणारच.

पण नाणं त्या कोपऱ्यातच का? या प्रश्नाने मला सापडल्याच्या आनंदापेक्षा जास्त गुंतवलं.

खोलीवरून काही ठरवता येत नाही. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, आणि असं वर्षानुवर्षं स्वतःला ढवळत राहते. वरची वस्तू भेगेतून हातभर खाली जाते, खालची वर येते. शिवाय ट्रॅक्टरचा नांगर आहेच. मग मी आजूबाजूची माती पाहायला लागलो. त्याच कोपऱ्यात ढेकळांत राखाडी, भुसभुशीत कण मिसळलेले होते. तांबड्या खापरांचे तुकडे होते, शंखाच्या बांगडीचा एक कपटा होता. पन्नास पावलं पुढे निव्वळ काळी माती, खापर नाही. काकांना विचारलं. ते अहिराणीत लगेच म्हणाले, “आठे मना बापनी पांढरीनी माटी टाकेल शे.” म्हणजे, इथे माझ्या बापाने पांढरीची माती टाकलेली आहे. आजोबांच्या काळात गावाबाहेरच्या पांढरीवरून, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावरून, बैलगाड्या भरभरून माती आणायचे आणि हलक्या तुकड्यांत पसरायचे. जुन्या वस्तीची राख, शेण आणि हाडं मुरलेली ती माती पिकाला मानवते, हे आपल्याकडच्या प्रत्येक म्हाताऱ्या शेतकऱ्याला माहीत असतं.

म्हणजे नाणं काकांच्या शेतात सापडलं, पण ते तिथलं नाही. ते पांढरीचं आहे. कोणाच्या तरी घरात, अंगणात पडलं, घर मोडलं, टेकाड झालं, आणि हजारेक वर्षांनी गाडीत बसून शेतात आलं. माझ्या दृष्टीने ही नोंद नाण्याइतकीच मोलाची आहे. नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी इथे १९०६ मध्ये क्षत्रप राजा नहपानाची १३,००० हून जास्त नाणी एका जागी मिळाली, ती पुरून ठेवलेली होती. माझं एकटं आहे आणि वाहून आलेलं आहे. नुसत्या फोटोतून हा फरक कोणालाही कळणार नाही.

आणि म्हणूनच त्या पांढरीवर मी मशीन नेणार नाही, दुसऱ्यानेही नेऊ नये. गिरणाकाठच्या बहाळला आणि तापीकाठच्या प्रकाशेला १९५० च्या दशकात उत्खनन झालं तेव्हा ताम्रपाषाण काळापासूनचे थर एकावर एक मिळाले. ज्या टेकाडाला अजून कुदळ लागलेली नाही, तिथे आपण वीतभर खड्डा केला तरी त्या जागचा थर कायमचा जातो. नांगराखाली आधीच ढवळलेलं शेत, मालकाची परवानगी, आणि संरक्षित स्मारकांपासून लांब, एवढ्याच चौकटीत मी काम करतो.

कायद्याप्रमाणे कळवलंही. १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेल्या वस्तूची किंमत दहा रुपयांहून जास्त असेल तर सापडवणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं: वस्तू काय, अंदाजे किंमत किती, कुठे आणि कधी मिळाली. अर्जासोबत मी दोन्ही बाजूंचे फोटो, वजन आणि शेताचा हाताने काढलेला नकाशा जोडला. काका जमिनीचे मालक, म्हणून त्यांचीही सही घेतली. पोच मिळाली आहे. पुढचा आदेश येईपर्यंत नाणं कापडात गुंडाळून ठेवलं आहे, आणि ते सरकारी संग्रहात गेलं तर मला आनंदच होईल.

मे महिन्यातली लागवड सुरू व्हायच्या आत त्या कोपऱ्याचे पाच-पाच पावलांचे चौकोन पाडून प्रत्येकातली खापरं नुसती मोजायची आहेत. म्हणजे पांढरीची माती नेमकी कुठवर पसरली ते कागदावर येईल. मशीन त्यानंतर. आणि एक विनंती: कोणाकडे कृष्णराजाच्या नाण्याचा असा फोटो असेल ज्यात ‘मातापितृ’ हा भाग काठाच्या आत आला आहे, तर जरूर दाखवा. माझ्या नाण्यावर नंदीच्या पाठीशी जी अर्धवट रेघ दिसते ती ‘पि’ची वेलांटी आहे की साच्याला गेलेला तडा, हे मला ताडून पाहायचं आहे.