बेसिनखालचा तांबूस डाग

पहाटे साडेपाचला फोन वाजला. "दादा, पाणी बंदच होत नाहीये, घरभर झालंय!" मी आधी विचारलं, "काकू, मेन वॉल्व्ह बंद केलात का?" मागून काकांचा आवाज आला, "पक्कडीने फिरवतोय, पण नुसताच गोल फिरतोय." म्हणजे आतली दांडी तुटली होती. चाक कितीही फिरवलं तरी झडप आता खाली येणार नव्हती.

मी निघता निघता फोनवरच दोन गोष्टी सांगितल्या. वाट कोरडी असेल तरच मीटरबोर्डापाशी जाऊन वीज बंद करा. आणि मोरीतला नि अंगणातला नळ पूर्ण सोडून ठेवा. पाण्याला दुसरी वाट मिळाली की फुटलेल्या जागेवरचा जोर थोडा तरी ओसरतो. हे ऐकून लोकांना आधी विचित्रच वाटतं, पाणी थांबवायचं सोडून आणखी नळ कसले उघडायचे. काकूंनी मात्र लगेच ऐकलं.

पोचलो तेव्हा पायाची बोटं बुडतील एवढं पाणी होतं. बाहेर पाण्याच्या मीटरशेजारी एक चावी असते. तिच्यावर माती साचली होती; ती उकरून मी चावी बंद केली आणि आवाज थांबला. मिनिटाला दहा लिटर धरलं आणि मध्यरात्रीनंतर कधीतरी फुटलं असं मानलं, तर पाच तासांत ३,००० लिटर होतात. रात्री वापर कमी असल्याने लाइनला दाब जास्त असतो, म्हणून कमकुवत पाइप बहुधा रात्रीच दगा देतो.

फुटलं होतं ते बेसिनखालचं जाळीचं कनेक्शन. आत रबराची नळी, बाहेर स्टीलच्या तारांची वेणी. दाब ती वेणी पेलते, रबर नाही. नटाजवळच्या तारा एकेक करून तुटत गेल्या होत्या, आणि उघड्या पडलेल्या रबराला फुगा येऊन तो फाटला. स्टील गंजलं कसं, याचं उत्तर शेजारीच होतं: ब्लीच आणि संडास साफ करायच्या ॲसिडच्या बाटल्या. बंद कपाटात त्यांच्या वाफा कोंडतात आणि चांगल्या स्टीललाही खातात.

आता जे सांगतो ते मला अजून टोचतं. आठ महिन्यांपूर्वी याच बेसिनचा नळ मीच बदलून दिला होता. तेव्हा त्या नटाजवळ तांबूस डाग मला दिसला होता. "काकू, हे कनेक्शन कधीतरी बदलून घ्या," एवढं बोलून मी पिशवी उचलली. कधीतरी! दहा मिनिटांचं काम होतं. मेन वॉल्व्हला तर मी हातही लावला नव्हता, कारण नळ बदलताना बेसिनखालचा अँगल कॉक, म्हणजे तेवढ्याच नळाचं पाणी तोडणारी छोटी चावी, बंद करून भागलं होतं.

तुटलेला वॉल्व्ह कापून काढला. आत क्षाराचा पांढरा थर दगडासारखा बसला होता. बारा वर्षांत तो एकदाही फिरवला नव्हता, असं काका म्हणाले. चाकाचा वॉल्व्ह सहा महिन्यांतून एकदा पूर्ण बंद करून उघडला तर हा थर धरत नाही. उघडताना शेवटपर्यंत आवळायचा नाही, अर्धा फेरा मागे ठेवायचा. अँगल कॉकचंही तसंच, तेही न फिरवल्याने जाम होतात.

त्या जागी मी पाव फेऱ्यात बंद होणारा बॉल वॉल्व्ह बसवला. घरातली पाचही कनेक्शनं बदलली, बाटल्या बाहेर काढायला लावल्या. मग सगळे नळ बंद करून मीटर पाहिला, तर काटा अजून हळूहळू सरकतच होता. फ्लशच्या टाकीत थोडा खायचा रंग टाकला आणि हात न लावता पंधरा मिनिटं थांबलो. रंग भांड्यात उतरला. तळाचं रबर कडक झालं होतं, तेही बदललं.

तेव्हापासून कुठल्याही घरी गेलो की कामाआधी मेन वॉल्व्ह फिरवून बघतो. बेसिनखाली टॉर्च मारतो, आणि डाग दिसला तर तिथेच उभं राहून घरच्यांना दाखवतो.

त्या दिवशी निघण्याआधी घरातल्या प्रत्येकाकडून नवा वॉल्व्ह बंद करून घेतला. शेवटी नऊ वर्षांच्या नातीची पाळी आली. तिने दोन बोटांनी दांडा आडवा केला, आणि खरंच बंद झालंय का ते बघायला नळाकडे पळाली.