कांजी, निवडणूक आणि पेन्सिल

आज जपानीच्या कांजीमध्ये, म्हणजे चिनीतून आलेल्या अक्षरांमध्ये, सरकार आणि समाज हा टॉपिक घेतला, डोकं पार भणभणलं पण मजा आली. सेन्क्यो म्हणजे निवडणूक, तोह्यो म्हणजे मतदान, कोक्काइ म्हणजे जपानची संसद आणि त्यातलं शुगीइन आपल्या लोकसभेसारखं, ४६५ खासदारांचं. त्या शुगीइनमधला 'गि' २० स्ट्रोकचा, वहीचं अख्खं पान त्यानेच भरलं. पण सगळ्यात भारी काय तर तिकडे संसदेच्या निवडणुकीत मतदार बटण दाबत नाही, पेन्सिलीने उमेदवाराचं नाव स्वतः लिहितो, म्हणून कितीतरी उमेदवार पोस्टरवर आपलं नाव सोप्या हिरागाना लिपीत छापतात! मतदाराला लिहिताना अडायला नको, मला हे जाम आवडलं. उद्या झेइकिन म्हणजे टॅक्सवाले शब्द, कुणी जेएलपीटी एन३ ही जपानी भाषेची परीक्षा करत असेल तर सांगा, सोबत बसू.