सहाशे चोवीस आवाजांचं गाणं

वीस वर्षं झाली, मी नाशकात साउंडचं काम करतोय. पिंपळपारावरची पाडवा पहाट असो की कालिदासमधलं नाटक, गेल्या गेल्या मिक्सरवर पांढरी चिकटपट्टी लावायची आणि प्रत्येक फेडरखाली, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या खटक्याखाली, मार्करने लिहायचं : तबला, पेटी, तानपुरा. म्हणूनच 'टेनसीसी' या इंग्लिश ग्रुपच्या 'आय ॲम नॉट इन लव्ह'ची गोष्ट कळली तेव्हा मला रात्रभर झोप लागली नाही.

गाणं 1975 चं. ग्रुपमधल्या एरिक स्टुअर्टला बायको म्हणाली होती, तुम्ही प्रेम आहे असं फारसं बोलून दाखवत नाही. त्याला वाटायचं, सारखं बोललं की त्या शब्दांना अर्थ उरत नाही. मग त्याने उलटंच लिहिलं : मी प्रेमात नाहीच मुळी. आधी ते बोसानोव्हा या ब्राझिलियन ठेक्यावर रेकॉर्ड केलं, जमलं नाही, टेप पुसून टाकली. पण स्टुडिओतली माणसं चाल गुणगुणत राहिली. तेव्हा ग्रुपमधलाच केव्हिन गॉडली म्हणाला, वाद्यं नकोतच, नुसत्या आवाजांवर करू.

स्टॉकपोर्टच्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत ग्रुपमधले तिघं माइकसमोर उभे राहिले आणि एकच सूर 'आ'कारात सोळा वेळा गायले. एका सुराचे अठ्ठेचाळीस आवाज झाले. असे तेरा सूर, म्हणजे 624 आवाज. यात तीन आठवडे गेले! मग प्रत्येक सुराची टेप कापून, टोकाला टोक जोडून तिचा लूप केला, म्हणजे सूर अखंड चालू. आता मिक्सरचा एकेक फेडर म्हणजे एकेक सूर झाला. हवा तो फेडर वर घ्यायचा, नको तो खाली. आमची पेटी बोटांनी वाजते, तसा यांनी मिक्सर वाजवला.

आणि फेडर पूर्ण बंद होऊ नयेत म्हणून त्यांनी तळाशी चिकटपट्टी लावली होती. त्यामुळे सगळे सूर मागे कायम हलके हलके तेवत राहतात. हेडफोन लावून ऐका, अगदी सुरुवातीपासून ते धुकं जाणवतं.

मधे एक बाई कुजबुजते, मोठी मुलं रडत नसतात अशा अर्थाचं. ती स्टुडिओची रिसेप्शनिस्ट, कॅथी रेडफर्न. एरिकला फोन आलाय एवढं हळूच सांगायला ती दार उघडून आत आली आणि ग्रुपमधला लॉल क्रीम म्हणाला, हाच आवाज हवा होता.

सहा मिनिटांचं हे गाणं इंग्लंडात पहिल्या नंबरवर गेलं.

घरी ऐकवलं. बायको मेथी निवडत होती. हात थांबवून म्हणाली, "अहो, मागे तानपुरा लावलाय का यांनी?" तिला गाण्यातलं फारसं कळत नाही असं मी इतकी वर्षं समजत होतो. मला जे सांगायला एवढा मजकूर लागला, ते तिने एका वाक्यात पकडलं.

पूर्वी दोन गाण्यांच्या मधे मी तानपुऱ्याचा फेडर थेट तळाला ओढायचो. आता त्या खाचेत खाली बोटभर पट्टी लावून ठेवतो.