सांगलीचे ऊन, आंबील आणि बेदाणा

उन्हाळ्याच्या सुटीत पश्चिम महाराष्ट्रातली पर्यटकांची वाट साताऱ्यावरून महाबळेश्वर-पाचगणीकडे वळते. ती सांगलीकडे वळत नाही, आणि एप्रिलमध्ये सांगली, मिरज, तासगाव या पट्ट्यात पारा चाळिशीच्या आसपास असतो हे लक्षात घेतले तर त्यात नवलही नाही. तरीही खाण्यापिण्याची आवड असणाऱ्याने या जिल्ह्यात यायचे ते याच दिवसांत, असे माझे मत आहे. ऊन सोसण्यासाठी लागणारे पदार्थ येथे घरोघरी होतात आणि उन्हाशिवाय होऊच शकत नाहीत असे पदार्थही येथेच पाहायला मिळतात.

सांगली शहरात पोचलो तेव्हा चैत्र चालू होता. ज्यांच्याकडे उतरलो होतो त्यांच्या घरी चैत्रगौरीचे हळदीकुंकू झाले होते. हा समारंभ बायकांचा असला तरी त्यानंतर उरलेली आंबेडाळ आणि पन्हे पुरुषांच्या वाट्याला येते, एवढी सोय परंपरेने ठेवलेली आहे. भिजवून भरड वाटलेली हरभऱ्याची डाळ, किसलेली कैरी आणि वरून हिंग-मोहरीची खमंग फोडणी असा तो साधा प्रकार. परंतु कैरी ताजी आणि कडक आंबट नसेल तर त्याची अगदीच मिळमिळीत चटणी होते. पन्हे उकडलेल्या कैरीचे होते. त्यात साखर नव्हती, गूळ होता, आणि गुळाने येणारा तांबूस रंग पाहूनच पन्हे घरचे आहे हे कळत होते. काकूंनी वेलदोड्याबरोबर मिठाची चिमूट जरा सढळ हाताने टाकली होती, आणि घामाने अंगातले मीठ जाते त्या दिवसांत तेच योग्यही आहे. बाटलीतल्या पिवळ्याधमक पन्ह्यात नेमका हा खारटपणा नसतो.

संध्याकाळी हरिपूरला गेलो. कृष्णा आणि वारणा यांचा संगम येथे आहे, काठावर संगमेश्वराचे मंदिर आहे, आणि सांगलीहून येणाऱ्या रस्त्याच्या कडेची चिंचेची जुनी झाडे अजूनही बरीच सावली धरून आहेत. जमिनीखालच्या पेवांमध्ये हळद साठवण्यासाठी हे गाव प्रसिद्ध होते. 2005 च्या महापुरात त्यांतली पुष्कळ पेवे गेली. घाटावर बसून आम्ही भडंग खाल्ले. सांगलीचे भडंग म्हणजे लसूण, तिखट आणि शेंगदाणे घालून परतलेले कुरकुरीत चुरमुरे. एरवी त्यावर कांदा-कोथिंबीर पुरते, पण या दिवसांत बारीक चिरलेली कैरी घालतात आणि ती घातल्यावर तिखटाची धार एकदम बदलते.

परतताना रसवंतीवर थांबलो. उसाच्या मुलखातही रसवंतीच्या पाटीवर ‘कानिफनाथ’ हे नाव दिसतेच. हे नाव पुरंदर तालुक्यातल्या बोपगावच्या कानिफनाथांवरून आले, आणि तिकडची मंडळी हा व्यवसाय घेऊन गावोगावी पांगली, असे सांगतात. चरक आता विजेवर चालतो, बैल गेले, पण घुंगरू मात्र चाकाला बांधलेले असतात. उसाबरोबर आल्याचा तुकडा आणि लिंबू चरकात घालण्यामागे चवीइतकेच रंगाचेही कारण आहे, कारण नुसता रस हवा लागताच काळवंडू लागतो आणि लिंबाचा आंबटपणा ते काळवंडणे लांबवतो. बर्फ न घालता रस मागितला तर पेल्यात रस जास्त येतो, ही गोष्ट मी येथे केवळ जनहितार्थ नोंदवून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी पूर्वेकडे, कवठेमहांकाळच्या दिशेने निघालो. सांगली जिल्ह्याची ही गंमत आहे की, पश्चिमेला चांदोलीच्या डोंगरांत धो-धो पाऊस पडतो आणि पूर्वेला जत-आटपाडीकडचा भाग पिढ्यान्पिढ्या पावसाची वाट पाहत आलेला आहे. कृष्णाकाठची उसाची हिरवाई मागे पडली, की हवा कोरडी होत जाते आणि जेवणही बदलते. ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या घरी उतरताच पाण्याच्या तांब्यापाठोपाठ आंबील आली. शाळूचे पीठ ताकात कालवून रात्रभर आंबवतात, सकाळी पाण्यात शिजवून त्याला लसूण आणि जिरे लावतात, आणि गार झाल्यावर पुन्हा ताक घालून पातळ करतात. सोबत बुक्कीने फोडलेला कांदा. “पावणं, वाईच घ्या, मग हिंडा उन्हात कुठं बी,” असे म्हणत मामांनी दुसरा पेला भरला. पाणी, मीठ आणि पोटाला आधार हे तिन्ही एकाच पेल्यात मिळत असल्याने दुपारपर्यंत खरोखरच तहान जाणवली नाही. आंबील आता शहरांत हौसेने, मातीच्या पेल्यात विकली जाते. येथे मात्र ती पहाटे रानात निघण्यापूर्वी पिण्याची गोष्ट आहे. दुपारी ज्वारीच्या ताकातल्या कण्या होत्या, आणि पाहुणा म्हणून आमरस, त्याबरोबर खपली गव्हाच्या शेवया व तळलेली कुरडई. रस घाटाखालून आलेल्या हापूसचा नव्हता, बांधावरच्या रायवळ आंब्यांचा होता. त्यात धागे होते आणि किंचित आंबटपणाही होता, पण शेवयांना हाच रस शोभतो. हापूसच्या गोडीपुढे शेवयांची चवच उरत नाही.

ज्यासाठी मुद्दाम आलो होतो ती बेदाण्याची शेडे गावाबाहेरच्या माळावर होती. लोखंडी सांगाड्यावर एकावर एक ताणलेल्या जाळ्या, चारी बाजूंनी खेळता वारा, आणि उन्हाची झळ अडवण्यापुरते हिरवे कापड. द्राक्षे उन्हात वाळत नाहीत, सावलीत, कोरड्या गरम वाऱ्यावर वाळतात, आणि म्हणूनच हा व्यवसाय नदीकाठच्या दमट हवेत न वाढता या माळरानावर वाढला. भरपूर गोडी भरलेली द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून काढतात. त्यामुळे सालीवरचा मेणचट थर विरळ होतो आणि आतले पाणी लवकर बाहेर पडते. साधारण दोन आठवड्यांत माल वाळतो, आणि चार किलो द्राक्षांतून जेमतेम एक किलो बेदाणा हाती येतो. जाळ्यांच्या मधल्या बोळातून चालताना आंबूस-गोड वास येत होता. वरच्या जाळीवरचे मणी हिरवे, टपोरे होते आणि आधी भरलेल्या जाळीवरचे सुरकुतलेले, सोनेरी. या दिवसांत मामांचे डोळे सारखे आभाळाकडे असतात. आम्हाला हवाहवासा वाटणारा वळीव त्यांना नको असतो, कारण एका सरीने हवेत दमटपणा येतो आणि जाळीवरचा माल काळा पडतो.

2016 साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या या बेदाण्याचे सौदे सांगली आणि तासगावच्या बाजारात होतात. तेथे हिरवट-पिवळ्या, एकसारख्या मण्याला जास्त भाव मिळतो आणि तो रंग टिकावा म्हणून गंधकाची धुरी देतात. मी घरासाठी धुरी न दिलेला, तपकिरी रंगाचा माल मागितला तेव्हा मामा हसले आणि घरातल्या डब्यातून काढून देत म्हणाले, “आमी बी ह्योच खातो.” चवीला तो नक्कीच सरस आहे, किंचित आंबट, चघळावा लागणारा. रात्री मूठभर बेदाणे माठातल्या पाण्यात भिजत घालावेत, सकाळी कुसकरून गाळून घ्यावे आणि त्यात लिंबू पिळून प्यावे, असे त्यांच्या घरातल्या आजींनी निघताना सांगितले. साखर घालायची नाही, हे मात्र त्यांनी दोनदा बजावले.