सोळा तास अठ्ठेचाळीस मिनिटे

पुण्यातील एका अभियांत्रिकी सल्लागार कंपनीत मी प्लॅनिंगचे काम पाहते. रासायनिक कारखान्याच्या पाइपलाइनचे डिझाइन करताना गरम झालेला पाइप किती प्रसरण पावेल, आधार कोठे द्यावा आणि पंपाच्या तोंडावर किती भार येईल, याचे गणित स्ट्रेस इंजिनिअर करतो. ते हाती आल्याशिवाय आयसोमेट्रिक ड्रॉइंग, म्हणजे पाइपची लांबी-वळणे त्रिमितीत दाखवणारा आराखडा, साइटवर पाठवता येत नाही. आमच्याकडे हे काम जाणणारे एकच ज्येष्ठ सहकारी होते, आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये ‘ते हल्ली संथ झाले आहेत’ अशी तक्रार तीन प्रकल्पांकडून माझ्याकडे आली होती.

तिन्ही प्रकल्पांची वेळापत्रके मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टच्या स्वतंत्र फायलींमध्ये होती. एकीत त्यांच्या नावावर ७० टक्के वेळ, दुसरीत ६०, तिसरीत ८०. कोणत्याही एका फायलीत हा आकडा शंभराच्या पुढे जात नव्हता, त्यामुळे क्षमतेपेक्षा जास्त काम असल्याची खूण म्हणून त्यांचे नाव कधीच लाल झाले नाही. हे तिन्ही आकडे मीच मान्य केले होते, वेगवेगळ्या आठवड्यांत आणि वेगवेगळ्या प्रकल्प व्यवस्थापकांसमोर.

२८ ऑगस्टला, गोपाळकाल्याच्या दुसऱ्या दिवशी, मी तिन्ही फायली एका सामायिक रिसोर्स पूलला, म्हणजे सर्व प्रकल्पांच्या माणसांच्या एकाच यादीला, जोडल्या. त्यांचे नाव क्षणात लाल झाले. कोणाकडे रोज किती तासांचे काम आहे हे दाखवणाऱ्या रिसोर्स युसेजच्या तक्त्यात पुढच्या सलग तीन आठवड्यांच्या प्रत्येक चौकटीत १६.८ हा आकडा होता, म्हणजे आठ तासांच्या दिवसात सोळा तास अठ्ठेचाळीस मिनिटांचे काम. तो आकडा मी बराच वेळ पाहत राहिले, कारण त्यांच्यावरील आरोपाचे उत्तर त्यात होते आणि ते इतके दिवस माझ्याच संगणकात तीन तुकड्यांत पडून होते.

मी त्यांच्या टेबलाशी जाऊन रजेविषयी विचारले, कारण त्यांच्या कॅलेंडरमध्ये मी एकही रजा नोंदवली नव्हती. त्यांनी खण उघडून ५ ते १२ सप्टेंबरचा, म्हणजे चतुर्थीच्या आधीपासून गौरी-विसर्जनापर्यंतचा, भरलेला अर्ज काढला. ‘मॅडम, घरचा गणपती आहे राजापूरला, पण तुमच्या वेळापत्रकात जागा दिसेना, म्हणून दिला नाही,’ एवढेच ते म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती, आणि त्याचेच मला अधिक वाईट वाटले.

दुपारी मी ती रजा कॅलेंडरमध्ये घालून लेव्हलिंग केले, म्हणजे जास्तीचा भार सॉफ्टवेअरकडून पुढच्या दिवसांवर वाटून घेतला. लेव्हलिंग काम कमी करत नाही. अग्रक्रम पाहून ते पुढे ढकलते. ज्या कामाचा अग्रक्रम १००० ठेवला आहे, ते काम मात्र लेव्हलिंग हलवत नाही. पहिल्या प्रकल्पाला मी तो दिला, आणि तिसऱ्याची तारीख पाच आठवडे पुढे गेली. वरिष्ठांना आधी सॉफ्टवेअरमध्येच चूक वाटली. मग मी एकाच दिवसाच्या तीन ओळी मोठ्या करून दाखवल्या: ५.६, ४.८, ६.४. त्यांनी स्वतः बेरीज केली. संध्याकाळपर्यंत काही गणिते बाहेरच्या सल्लागाराकडे देण्याचे ठरले आणि तिसऱ्या ग्राहकाला नवी तारीख कळवण्यात आली.

४ सप्टेंबरला संध्याकाळी ते स्वारगेटला एसटी पकडण्यासाठी निघाले. त्यांच्या पुढच्या आठ दिवसांच्या चौकटी रिकाम्या आहेत ना, हे मी त्या रात्री पुन्हा एकदा पाहून घेतले.