आईचे पाय आणि मेणवलीचा घाट

“या मुलींना खायला दिलंस का गं?” आई विचारायची. आमच्या सोफ्यावर तिला परकर-पोलकं घातलेल्या तीन-चार मुली दिसायच्या. बोलत नसत, नुसत्या बसलेल्या. शेजारच्या काकूंनी दृष्ट काढायला सांगितली. तीही काढली, खोटं कशाला बोलू.

आईचं वय ८१. दोन्ही डोळ्यांना मॅक्युलर डीजनरेशन, कोरड्या प्रकारचं. यात नजरेचा मधला भाग जातो, कडेचा राहतो. माझ्याशी बोलताना ती माझ्या कानाकडे बघते, कारण सरळ बघितलं की माझ्या तोंडाच्या जागी राखाडी डाग येतो. त्या मुलींचा उलगडा डोळ्यांच्या डॉक्टरांनीच केला. चार्ल्स बोने सिंड्रोम. जिनिव्हाच्या बोने यांनी १७६० मध्ये आपल्या आजोबांबद्दल हे लिहून ठेवलं होतं. नजर अधू झालेल्या त्या आजोबांनाही नसलेली माणसं दिसायची. डोळ्यांकडून पुरेसं काही पोचत नाही, तेव्हा मेंदू पदरचं घालतो. बुद्धी शाबूत असेल तर माणसाला कळतं की हे खरं नाही. आईला ते कळेनासं झालं होतं, म्हणून मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो.

तिथली पहिली चाचणी आठवली की अजून राग येतो. एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन काढा, कागदावरचं वाक्य वाचा आणि तसं करा. जिला कागदच दिसत नाही तिचे गुण कापले! मी हे बोलून दाखवलं तर “स्टँडर्ड टेस्ट आहे” एवढंच उत्तर. दुसऱ्या डॉक्टरांनी स्मृती आणि बुद्धी तपासणाऱ्या ‘मोका’ चाचणीचा अंधांसाठीचा प्रकार घेतला. त्यात चित्रांचे प्रश्न वगळलेले असतात आणि गुण ३०ऐवजी २२ असतात. निकालाने मात्र दिलासा दिला नाही. पाच शब्द सांगून पाच मिनिटांनी विचारले, आईला एकही आठवला नाही. “कसले शब्द?” असं तिने फार सभ्यपणे विचारलं. निदान अल्झायमरचं झालं.

आई दिवसभर खुर्चीत बसून साडीचा काठ बोटांवर गुंडाळायची आणि सोडायची. टीव्ही दिसत नाही, वाचता येत नाही, बोलायला विषय टिकत नाही. रोजचे व्यवहार जमावेत म्हणून मदत करणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्टने व्हर्च्युअल रिअॅलिटीचं सुचवलं, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट लावून चहूबाजूंनी दुसरीच जागा दाखवायची, तेव्हा मी आधी हसलेच. अहो, तिला दिसत नाही! आणि जे नाही ते तर तिला आधीच दिसतंय, त्यात आम्ही मुद्दाम भर घालायची?

हाच प्रश्न मी मेंदूच्या डॉक्टरांना विचारला. त्यांनी हसण्यावारी नेला नाही. लेव्ही बॉडी नावाच्या डिमेन्शियातही, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या एका प्रकारातही, असे भास होतात. तो नाही ना, हे त्यांनी आधी तपासलं. मग म्हणाले, हे औषध नव्हे, स्मृती परत येणार नाही. यावरचे अभ्यास छोटे आहेत. पण मन रमलं, घालमेल कमी झाली तर काय वाईट? अटी घातल्या: आधी सांगायचं, नंतर सांगायचं, पाच-सात मिनिटांच्या वर नाही, आणि संध्याकाळी अजिबात नाही, कारण तिची घालमेल दिवेलागणीलाच वाढते. भास वाढले तर लगेच बंद. मी वही घातली.

पहिला प्रयोग एका सेंटरमध्ये झाला आणि तो साफ फसला. त्यांच्याकडे तयार व्हिडिओ होते. लावला कोणता, तर ड्रोनने घेतलेला, बर्फाच्या डोंगरांवरून उडत जाणारा. आईने खुर्चीचे हात घट्ट धरले आणि “पडले, पडले” म्हणून ओरडायला लागली. अर्धा किलोचं ते यंत्र, सगळा भार पुढे, मागचा पट्टा नेमका अंबाड्यावर. घरी येईपर्यंत सगळं विसरली होती, पण अंगाची थरथर गेली नव्हती. हे मला त्या दिवशी कळलं. प्रसंग विसरला तरी भीती मागे उरते.

मी तिथेच सोडलं असतं. पण माझ्या भाच्याकडे गेम खेळायचा हेडसेट होता आणि मित्राकडून चहूबाजूंचं एकदम टिपणारा ३६० अंशांचा कॅमेराही मिळत होता. तो म्हणाला, “मावशी, आजीला बर्फ कशाला दाखवायचा? मेणवली दाखवू.”

मेणवली आईचं माहेर. वाईजवळ कृष्णेकाठी, नाना फडणवीसांचा वाडा आणि खाली घाट. तिथे एक मोठी पोर्तुगीज घंटा आहे. १७३९च्या वसईच्या मोहिमेनंतर आणलेली, तिच्यावर १७०७ साल आणि बाळ येशूला घेतलेली मेरी. लहानपणी आई आणि तिच्याबरोबरच्या पोरी त्या मेरीला घंटेवरची देवी म्हणायच्या.

भाचा पहाटे निघून गेला. पहिल्या खेपेचं चित्रण वाया गेलं. एक तर दुपारचं, सगळं पांढरंफटक, पायरी कुठे संपते आणि पाणी कुठे लागतं ते मलाच कळेना. दुसरं म्हणजे कॅमेरा त्याच्या उंचीवर लावलेला. आई बसून बघणार, म्हणजे तिला अधांतरी तरंगल्यासारखं होणार. दुसऱ्या खेपेला तिपाई बसलेल्या बाईच्या डोळ्यांच्या उंचीवर लावली, वेळ सकाळची, ऊन तिरपं. काळ्या पायऱ्यांच्या कडा आणि चमकतं पाणी वेगवेगळं उठून आलं. घाटावर कपडे धुणाऱ्या बायांना त्याने आधी विचारलं. दोघी नको म्हणाल्या, त्यांचं आटपेपर्यंत थांबला. तिसरी म्हणाली, “माझं तोंड नको, धोपटणं घे.”

डोळ्यांच्या डॉक्टरांकडून एक शंका फिटली. पडदा डोळ्यांपासून चार बोटांवर असला तरी भिंगांमुळे डोळ्याला तो दोनेक मीटरवर असल्यासारखा वाटतो, म्हणून जवळचा चष्मा लागत नाही. पण मधला डाग जात नाही, तो नजरेबरोबर फिरतो. म्हणजे आई हेडसेटमध्येही मान वळवून कडेनेच बघणार. तिला काय दिसतंय ते आम्हाला मोबाइलवर दिसत होतं. ही सोय नसती तर मी तो हेडसेट तिच्या डोक्याला लावलाच नसता.

अंबाडा सोडून सैल वेणी घातली. “आई, आता मेणवलीचा घाट दाखवते. खोटाच आहे, चष्म्यातला. नको वाटलं तर माझा हात दाब.” हात हातात ठेवला. हात नसलेली खुर्ची काढून घट्ट बैठकीची आणली.

अर्धा मिनिट काही नाही. मग धोपटण्याचा आवाज डावीकडून आला आणि आईची मान डावीकडे वळली. मोबाइलवर बघते तर बाई तिच्या नजरेच्या कडेला आली होती. चित्र तिला किती दिसलं देव जाणे. कान मात्र बरोबर जागेवर नेत होते. आवाज जिथून यायला हवा तिथूनच येतो, मान वळली की तोही सरकतो, हीच या यंत्राची खरी कमाल. आम्ही सगळे चित्राच्या मागे लागलो होतो.

मग तिने खाली बघितलं आणि घाबरून म्हणाली, “माझे पाय कुठे गेले?”

हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. कॅमेऱ्याला पाय नसतात. खाली बघितलं की रिकामी पायरी. तिने माझा हात दाबला, मी लगेच हेडसेट काढला. पाय दाखवले, चोळले. “आहेत की,” म्हणाली, पण खात्री पटलेली दिसली नाही.

उपाय तिच्या सोबतीला असणाऱ्या ताईंनी काढला. त्या डॉक्टर नाहीत, थेरपिस्ट नाहीत, पण आईला आमच्यापेक्षा जास्त ओळखतात. कपडे भिजवायचा टब आणला, पाणी भरलं आणि आईचे पाय त्यात सोडले. वर हेडसेट. आता खाली पाय दिसत नव्हते, पण पाण्यात होते, आणि घाटावर बसलं की पाय पाण्यातच असतात! आईने बोटं हलवली. पाणी डुचमळलं. “गार आहे गं,” म्हणाली, आणि मग बोलतच सुटली. मोठ्या बहिणीची चप्पल वाहून गेली ती, आजोबांनी कुणाला सांगू नका म्हणून दिलेला गूळ, घंटेवरच्या देवीचं नाक कुणी घासलं ते. यातलं निम्मं मी कधीच ऐकलं नव्हतं. हेडसेट काढल्यावरही अर्धा तास बोलत होती. साडीचा काठ तसाच मांडीवर होता.

आठवड्यातून दोनदा, दुपारी चहाच्या आधी, असं तीन महिने केलं. वहीत सगळंच गोड नाही. दोनदा तिने लावायलाच नकार दिला. एकदा संध्याकाळी “ओलं पातळ वाळत घाल” म्हणून हट्टाला बसली, शेवटी मी कोरडं पातळ पिळल्यासारखं करून दोरीवर टाकलं. एकदा काढल्यावर “आईला हाक मार, निघाली असेल” म्हणाली आणि रडली. त्या दिवशी वाटलं, कशाला उकरून काढतोय आपण हे? सोफ्यावरच्या मुली वाढल्या नाहीत, कमीही झाल्या नाहीत. मेणवली बघितल्याचं तिला दुसऱ्या दिवशी कधी आठवलं नाही.

गेल्या महिन्यापासून हेडसेट जड होतो म्हणते, मान टिकत नाही. भाच्याने तो परत नेला. आवाज मात्र त्याने वेगळा काढून दिलाय. दोन छोटे स्पीकर, एक डावीकडे, एक उजवीकडे, आणि मध्ये टब. काल मी शेजारी स्टूल ओढून बसले तर आईने हात पुढे करून मला अडवलं.

“जपून,” म्हणाली. “शेवाळ आहे त्या पायरीवर.”