तुम्ही विचारलेत म्हणून : निवृत्तीच्या नियोजनाला सुरुवात कुठून करावी?

गेली काही वर्षे मला एकच प्रश्न पुन्हापुन्हा विचारला जातो. सोसायटीच्या जिन्यात, हातात भाजीच्या पिशव्या असताना किंवा हळदीकुंकवाच्या गर्दीतून जरा बाजूला घेऊन, दबक्या आवाजात कोणीतरी म्हणते, "काकू, आम्ही रिटायरमेंटचं काहीच केलेलं नाही. सुरुवात कुठून करायची?" मी नाशिकमध्ये एका बँकेत 31 वर्षे नोकरी करून 2019 साली निवृत्त झाले. त्यामुळे मला एखाद्या चांगल्या योजनेचे नाव ठाऊक असेल आणि ते मी उभ्याउभ्या सांगून टाकेन, अशी विचारणाऱ्याची अपेक्षा असते. मी नाव सांगत नाही. "रविवारी दोघेही चहाला या", एवढेच म्हणते. त्यामागचे कारण आज सविस्तर लिहिते.

मार्च महिना आला की आमच्या शाखेला विमा आणि पेन्शन योजनांचे टार्गेट असे. कर वाचवण्याच्या घाईत असलेला ग्राहक समोर बसला की वीस मिनिटांत त्याच्याकडून अर्ज भरून घ्यायचा, अशी पद्धत होती आणि मीही ती पाळली. त्यांतल्या एका गृहस्थांना दुसऱ्या वर्षानंतर हप्ता झेपेना. ते पॉलिसी बंद करायला आले, तेव्हा भरलेल्या पैशांतले फारच थोडे त्यांच्या हाती पडले. ते मला काहीही बोलले नाहीत, पण त्या अर्जावर त्यांनी माझ्यासमोर सही केली होती. त्यांच्या घरी किती माणसे आहेत, हेसुद्धा मी विचारले नव्हते. माझ्या घरच्या बैठकीचा नियम तेव्हापासूनचा आहे : पहिल्या दिवशी कोणत्याही योजनेचे नाव निघणार नाही आणि कोणत्याही कागदावर सही होणार नाही. हा नियम मी आलेल्यांना दारातच सांगते. तो ऐकल्यावर माणसे खुर्चीत मागे टेकून बसतात, हे मी अनेकदा पाहिले आहे.

या विषयात माणूस अडतो तो बहुधा माहितीअभावी नव्हे, तर संकोचापायी. पंचेचाळिशी जवळ आली, नातेवाईक आपल्याला शहाणे समजतात आणि आपल्याकडे मात्र काहीच नाही, ही गोष्ट कोणासमोर उघडी करायची? "मुलीचं शिक्षण होऊ दे, मग बघू" असे म्हणणारा आळशी नसतो, तो घाबरलेला असतो. अशा माणसासमोर पहिल्याच भेटीत "तुम्हाला दोन कोटी लागतील" असा आकडा ठेवला, तर तो मान डोलावतो, घरी जातो आणि पुन्हा पाच वर्षे त्या वाटेला फिरकत नाही.

2023 च्या जूनमध्ये आमच्याच इमारतीतले एक जोडपे आले होते, त्यांचेच उदाहरण सांगते. यजमान 43 वर्षांचे, अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सुपरवायझर आहेत आणि बाई घरी ब्लाउज शिवतात. त्यांनी मोबाइलमध्ये पीएफचे पासबुक उघडूनच आणले होते. मी तो मोबाइल उलटा ठेवायला सांगितला आणि विचारले, "अठ्ठावन्नाव्या वर्षी, एखाद्या साध्या मंगळवारी, सकाळी उठल्यावर तुम्ही दोघं कुठे असाल?" यजमानांनी लगेच उत्तर दिले : सिन्नरजवळच्या गावी, वडिलांच्या घरात. बाई बराच वेळ गप्प होत्या. मग हळूच म्हणाल्या, "मला गावी नाही राहायचं. माझी गिऱ्हाइकं इथे आहेत." लग्नाला 17 वर्षे झाली होती आणि ही गोष्ट त्या दोघांत त्या दिवशी प्रथमच बोलली गेली. नाशिकमध्ये राहायचे की गावी, यावर महिन्याचा खर्च ठरतो आणि खर्चावर पुढचा सगळा हिशेब उभा राहतो. म्हणूनच पहिली बैठक पैशांची नसते आणि ती नवराबायको दोघांच्या उपस्थितीतच व्हायला हवी, असा माझा आग्रह असतो.

महिन्याला किती खर्च होतो, या प्रश्नावर यजमानांनी "साधारण पंचवीस हजार" असे सांगितले. बाई उठल्या, दोन जिने उतरून घरी गेल्या आणि भिंतीवरचे कालनिर्णयच काढून घेऊन आल्या. प्रत्येक चौकोनात बारीक अक्षरांत दुधाचे लिटर, सिलिंडर लावल्याची तारीख, सासूबाईंच्या गोळ्या, वाण्याचे बिल आणि रिक्षाचे पैसे लिहिलेले होते. पानांच्या मागच्या बाजूला शिलाईच्या उधारीची नोंद होती. आम्ही मागच्या पाच महिन्यांची बेरीज केली, तेव्हा सरासरी 38,000 रुपये निघाली. त्यातून मुलीची फी आणि क्लासचे 9,000 वजा केले, कारण तो खर्च पुढे राहणार नव्हता, आणि औषधांसाठी थोडी भर घालून आम्ही 30,000 हा आकडा धरला. पहिल्या रविवारी एवढेच काम झाले. माझ्या मते ते पुष्कळ होते.

दुसरी बैठक तीन आठवड्यांनी झाली, ती कागदपत्रांची. यांच्याकडे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात सगळे होते. यजमानांनी तीन कंपन्यांत नोकरी केली होती. 2006 साली पहिली नोकरी सोडताना त्यांनी बहिणीच्या लग्नासाठी पीएफ काढला आणि त्याबरोबर पेन्शनचेही पैसे काढून घेतले, त्यामुळे ती पाच वर्षे पेन्शनच्या सेवेतून गेली. पैसे न काढता स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे झालेल्या सेवेचा दाखला, घेतले असते तर ती मोजली गेली असती, हे त्यांना तेव्हा कोणीच सांगितले नव्हते. दुसऱ्या कंपनीचे खाते 2012 पासून तसेच पडून होते, कारण यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी कायम राहणारा पीएफचा एकच क्रमांक, 2014 साली आला आणि जुने खाते त्याला कोणी जोडलेच नाही. नॉमिनी म्हणून आईचे नाव होते आणि ते लग्नाआधी दिलेले होते. लग्नाआधी केलेले नामनिर्देशन लग्नानंतर पीएफच्या नियमाप्रमाणे रद्द ठरते, हे मी सांगितले तेव्हा दोघे एकमेकांकडे पाहत राहिले. अशी नावे मी किती घरांत पाहिली आहेत, याची गणती नाही. वाचणाऱ्यांनी बाकी काही केले नाही तरी एवढे आज पाहावे, ही कळकळीची विनंती आहे.

त्याच दिवशी पेन्शनचा हिशेबही मांडला, कारण "पीएफ कापला जातो, म्हणजे पेन्शन मिळणार" या भरवशावर पुष्कळ जण निर्धास्त असतात. मालक पगाराच्या 12 टक्के भरतो, त्यांपैकी 8.33 टक्के पेन्शन योजनेत जातात, पण ते ठरावीक पगाराच्या मर्यादेपर्यंतच. ही मर्यादा 2014 साली 6,500 वरून 15,000 रुपये झाली. पेन्शनपात्र पगाराला सेवेच्या वर्षांनी गुणायचे आणि 70 ने भागायचे, असे त्याचे सूत्र आहे. मर्यादेऐवजी प्रत्यक्ष पगारावर मिळणाऱ्या वाढीव पेन्शनचा पर्याय त्यांनी घेतलेला नव्हता, त्यामुळे त्यांच्या वाट्याला महिना सहा-साडेसहा हजारांच्या पुढे काही येत नव्हते. दुसरीकडे, महागाई वर्षाला 6 टक्के धरली तर आजचे 30,000 रुपये 15 वर्षांनी सुमारे 72,000 होतात. हे दोन आकडे कागदावर शेजारीशेजारी लिहून मी पेन खाली ठेवले. अशा वेळी आपण बोलू नये, असे मला वाटते. त्या माणसाला त्या आकड्यांकडे हवा तितका वेळ पाहू द्यावे. काही वेळाने त्यांनीच विचारले, "पीएफची जमा आणि ग्रॅच्युइटी यात धरायची ना?" म्हणजे मन घाबरून मागे न जाता हिशेबाला लागले होते.

1 नोव्हेंबर 2005 किंवा त्यानंतर रुजू झालेले, म्हणजे जुनी पेन्शन योजना लागू नसलेले, राज्य सरकारी कर्मचारी आणि शिक्षकही माझ्याकडे येतात. त्यांचे गणित वेगळे आहे, पण त्यांच्याही बैठकीची सुरुवात मी त्या मंगळवारच्या प्रश्नानेच करते.

तिसऱ्या बैठकीत एकच छोटा निर्णय घ्यायचा असतो आणि तो त्यांनी घ्यायचा असतो. मी मोबदला घेत नाही आणि अमुक फंडात पैसे घाला असे सांगत नाही. त्यासाठी शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीकडे नोंदणी केलेले, ठरलेली फी घेणारे सल्लागार आहेत. त्यांच्याकडे गेल्यावर "यातून तुम्हाला कमिशन मिळतं का?" हा प्रश्न संकोच न करता विचारावा, एवढे मात्र मी बजावते. या बाईंनी दरम्यान स्वतः पोस्टात जाऊन पीपीएफची, म्हणजे कोणालाही उघडता येणाऱ्या सरकारी भविष्य निधी खात्याची, चौकशी केली होती. वर्षाला किमान 500 आणि कमाल दीड लाख रुपये, मुदत 15 वर्षांची, व्याज तेव्हा 7.1 टक्के. शिलाईच्या उत्पन्नातून महिना 3,000 रुपये आणि खाते स्वतःच्या नावावर, असे त्यांनी ठरवले. व्याजाचा दर तोच राहिला तर 15 वर्षांत भरलेल्या 5 लाख 40 हजारांचे नऊ लाखांच्या वर होतात. ही रक्कम त्यांना पुरणार नाही आणि मी तसे स्पष्ट सांगितले. यजमानांनी दरवर्षीच्या पगारवाढीतला निम्मा भाग बाजूला टाकायचा असे ठरवले आणि तो कुठे गुंतवायचा, यासाठी ते सल्लागाराकडे गेले. जुने पीएफ खाते जोडून व्हायला चार महिने आणि दोन हेलपाटे लागले. नॉमिनीच्या जागी आता बायकोचे आणि मुलीचे नाव आहे.

पीपीएफमध्ये पाच तारखेच्या आत पैसे भरले तर त्या महिन्याचे व्याज मिळते, हे बाईंना पोस्टातच समजले होते. पुढच्या जानेवारीत तिळगूळ द्यायला त्यांच्याकडे गेले, तेव्हा भिंतीवर नवे कालनिर्णय लागले होते. मी पाने उलटून पाहिली. जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत प्रत्येक महिन्याच्या चार तारखेच्या चौकोनात, दुधाच्या आकड्यासाठी जागा सोडून, पेन्सिलीने "पोस्ट" असे लिहिलेले होते.